हॉस्टेलची लाइन मी बंद केली नाही

संचालकांचा फोन आला तेव्हा मी नर्सेसच्या हॉस्टेलमध्ये जिन्याखाली मांडी घालून बसले होते. समोर जाळीच्या दाराचं लोखंडी कपाट, कपाटात नेटवर्कचा स्विच, म्हणजे छोट्या खाचांची पेटी, आणि त्या खाचांत साऱ्या खोल्यांच्या केबल येऊन घुसलेल्या. मे महिना, जिन्याखाली पंखा नाही. ओढणीनं मान पुसत मी फोन उचलला. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, जरा ऊपर आइए. अभी."

मी कोण ते आधी सांगते. थाटीपुरच्या पलीकडे एक खासगी रुग्णालय आहे, त्याला जोडून नर्सिंगचं कॉलेज आणि मागे नर्सेसचं हॉस्टेल. तिथलं नेटवर्क माझ्याकडे होतं. वॉर्डातले कॉम्प्युटर, लॅबची मशीनं, टेलिफोन, हॉस्टेलचं वायफाय, सगळं. नोकरीच्या मुलाखतीत एकानं विचारलं होतं, "लड़की है, केबल खींच लेगी?" मी म्हटलं होतं, तुम्ही एक टोक धरा, दुसरं मी धरते, बघू कोण आधी थकतं. त्यावर सगळे हसले आणि मला घेतलं. हसले म्हणून घेतलं की आणखी कोणी अर्ज केला नव्हता म्हणून, ते मला ठाऊक नाही.

आमच्या कामाचा मुख्य भाग काळ्या पडद्यावर चालतो. चित्रं नाहीत, माऊस नाही. एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं, स्विच ऐकतो. केबलच्या एकेका खाचेला, म्हणजे पोर्टला, वेगळं सांगत बसलं तर सकाळची दुपार होते, म्हणून पोर्टांचा गट करून एकदम सांगायची सोय आहे. 'इंटरफेस रेंज' असं लिहायचं, पुढे पहिल्या आणि शेवटच्या पोर्टाचा आकडा. मग जे लिहाल ते त्या सगळ्यांना लागू. 'शटडाउन' लिहिलं की अख्खी रांग बंद. 'नो शटडाउन' लिहिलं की अख्खी रांग चालू. मला ही सोय मनापासून आवडायची. हॉस्टेलचा एक नवा मजला मी एका बैठकीत उभा केला होता. खोल्यांची रांग वेगळी, कॉरिडॉरमधल्या फोनची वेगळी, आणि प्रत्येक पोर्टाला त्याची ओळख लिहून दिलेली. मुली वरून ओरडल्या, "आ गया, दीदी!" तेव्हा एवढा आनंद झाला, जणू विहिरीला पाणी लागलं.

तर मी वर गेले. संचालक आपलेच, मराठी. त्यांचे पूर्वज या हिंदी मुलखात दरबारात लेखणी घेऊन आले आणि आमचे फौजेत भाला घेऊन, असं ते स्वतःच एकदा हसत म्हणाले होते. एरवी ते माझ्याशी हिंदीत बोलत. काम काढून घ्यायचं असलं की मराठीत.

"ये, बस," ते म्हणाले. "आई-बाबा बरे आहेत ना? माधवगंजातच राहता ना अजून?"

"हो, सर."

"हॉस्टेलचं इंटरनेट बंद करायचं आहे. सगळ्या खोल्यांचं. किती वेळ लागेल तुला?"

"वेळ नाही लागत," मी खरं ते सांगितलं. "पण कशासाठी?"

"मेंटेनन्स समज."

"मेंटेनन्स तर मी आत्ताच करून आले."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कारण त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

हॉस्टेलपासून वॉर्डापर्यंतची वाट मागच्या बाजूनं जाते, लाँड्रीच्या भिंतीला लागून. त्या वाटेवर एकही दिवा नव्हता. संध्याकाळची पाळी संपवून परतणाऱ्या एका मुलीच्या मागे मोटारसायकलवरचे दोघे लागले. ती पळत सुटली, हॉस्टेलच्या पायरीला अडखळून पडली आणि तिचं मनगट मोडलं. आमच्याच रुग्णालयात तिला प्लास्टर घातलं. मुलींनी दिवे आणि एक चौकीदार मागितला. उत्तर आलं, एकट्या चालू नका. मग त्या ड्यूटी संपली की पोर्चमध्ये येऊन बसायला लागल्या. वॉर्ड कोणी सोडला नाही, घोषणा दिल्या नाहीत. फक्त युनिफॉर्म न बदलता बसून राहायच्या. त्यांनी एक व्हिडिओही टाकला. त्यात प्लास्टरवाली मुलगी मोबाईलच्या उजेडात ती वाट चालून दाखवते, बोलत काहीच नाही. तो व्हिडिओ गावभर फिरला. माझ्या बाबांनाही पाटणकर बाजारातल्या कुठल्याशा दुकानदारानं पाठवला होता.

"त्या पोरींना जरा अक्कल यायला हवी," संचालक म्हणाले. "घरी व्हिडिओ कॉल बंद झाले की येते. केरळ, झारखंड, कुठून कुठून आल्यात. बंद कर आणि विसरून जा. आपण घरचे लोक, म्हणून तुला सांगतोय."

मी म्हटलं, "त्याच स्विचवर ड्यूटीचे फोन पण आहेत. ऑपरेशनला नर्स हवी असली की त्याच फोनवर बोलावतात. वरच्या खोल्यांमध्ये मोबाईलला सिग्नल धड येत नाही. पोर्ट बंद केला तर फोनची वीजच जाते, तो केबलमधूनच वीज घेतो."

"हे सगळं मला नको सांगूस. बंद कर."

"नाही करणार, सर."

शब्द तोंडातून गेला तेव्हा मलाच तो जरा मोठ्यानं ऐकू आला. संचालक हसले. "लेखी देऊ का तुला?"

"लेखी दिलंत तरी नाही करणार."

त्यांनी चष्मा चढवला. "ठीक है," ते हिंदीत म्हणाले. "आप जाइए."

घरी येऊन मी सांगितलं तेव्हा बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. बाबा सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. आयुष्यभर वरून आलेला कागद खाली आणि खालून आलेला वर पाठवला. ते म्हणाले, "एक बटण तर दाबायचं होतं. तू नाही दाबलंस तर दुसरा कोणी दाबेल. मग तुझं काय राहिलं?"

"दुसऱ्यानं दाबू दे ना, बाबा. मी नाही दाबणार, एवढंच आहे."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"जाऊ दे म्हणणं फार सोपं आहे."

आई स्वयंपाकघराच्या दारात पोळीचं पीठ लागलेल्या हातानं उभी होती. ती शाळेत शिकवायची, त्यामुळे कोणाचं बोलणं मध्ये तोडत नाही. बाबांचं संपल्यावर ती मला म्हणाली, "आज नाही म्हणालीस ना? मग उद्या पण नाहीच म्हण. रोज बदलशील तर लोकांना कळणार कसं?" आणि आत निघून गेली. बाबांनी टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवला. मग मला म्हणाले, "जेवून घे."

पुण्याची मावसबहीण म्हणते, तुझं मराठी हिंदीत भिजलंय. असू दे. तिचं इंग्रजीत भिजलंय. पण 'नाही' हा शब्द माझ्याकडे चांगला कोरडा होता, आणि तो मी दुसऱ्या दिवशी बरोबर घेऊन गेले.

सकाळी हॉस्टेलमध्ये पोचले तर जिन्याखाली एक अनोळखी माणूस माझ्या कपाटापुढे बसलेला. ज्या कंपनीकडून आम्ही स्विच घेतले होते तिचा आग्र्याचा इंजिनिअर. चाळिशीकडे झुकलेला, इस्त्रीचा शर्ट, लॅपटॉप मांडीवर. देखभालीसाठी त्यांच्याकडे वेगळा पासवर्ड असतो, तो वापरून तो आत शिरला होता.

"नमस्ते, मॅडम," तो उठू लागला. "साहब ने बोला है, हॉस्टेल बंद करना है. आप रेंज बता दीजिए, कहाँ से कहाँ तक?"

"नहीं बताऊँगी," मी म्हटलं. "आप खुद देख लीजिए."

तो गोंधळला. त्याला कोणी काही सांगितलेलंच नव्हतं. मीच सांगितलं. वाट, मोटारसायकल, मनगट, व्हिडिओ, सगळं. कॉरिडॉरमधले फोन याच स्विचवर आहेत तेही. त्यानं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, "मॅडम, मेरी भी नौकरी है." त्याचं बरोबर होतं. मी त्याच्यावर रागावले नाही. समोरच्या पायरीवर बसले आणि माझा लॅपटॉप उघडला.

त्यानं रेंज लिहिली. पहिल्या पोर्टापासून शेवटच्या पोर्टापर्यंत, सरसकट. शटडाउन. कपाटातले हिरवे दिवे एकदम विझले. वरच्या मजल्यावरून कुणीतरी "अरे!" म्हणालं.

रुग्णालयाकडून येणारी मुख्य लाइन त्या रेंजमध्ये नव्हती; तिच्यावरून मी माझ्या पासवर्डनं त्याच स्विचमध्ये गेले. तीच रेंज. नो शटडाउन. दिवे आधी नारिंगी झाले, मग एकामागून एक हिरवे.

त्यानं स्क्रीनकडे पाहिलं, मग कपाटाकडे, मग माझ्याकडे. "आपने खोल दिया?"

"हाँ."

"मॅडम, ऐसे कैसे चलेगा?"

"चलेगा. आप बंद कीजिए, मैं खोलूँगी. मुझे आज और कोई काम नहीं है."

त्यानं पुन्हा बंद केलं. मी पुन्हा उघडलं. लिहिताना एकदाही चूक झाली नाही. आणखी एकदा तसंच झालं. तेव्हा तो कपाळावर हात मारून हसला, अगदी मनापासून, आणि मलाही हसू आलं. मग त्यानं डोकं लढवलं. माझा पासवर्डच रद्द केला आणि रांग पुन्हा बंद केली. यावेळी स्विच मला आत घेईना.

"सॉरी," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरही तेच होतं.

मी उठले, कपाटात हात घातला आणि माझी निळी केबल थेट स्विचच्या कन्सोलला लावली. त्या दारातून जायला स्विचचा स्वतःचा पासवर्ड लागतो. तो रद्द करायला इंजिनिअर विसरला होता. रेंज. नो शटडाउन. एंटर. दिवे आले.

मग त्यानं संचालकांना फोन लावला. "सर, आप नीचे आ जाइए. मुझसे नहीं होगा."

एव्हाना जिन्यावर मुली जमल्या होत्या. रात्रपाळी करून आलेल्या, डोळे सुजलेल्या, केस मोकळे. त्यांना काय चाललंय ते पूर्ण समजलं नव्हतं. फक्त त्यांचं वायफाय जात-येत होतं आणि मी कपाटाला चिकटून उभी होते.

संचालकांच्या आधी मेट्रन पोचल्या. मेट्रन म्हणजे साऱ्या नर्सेसच्या प्रमुख. कडक बाई. बरीच वर्षं इथे काढलेल्या, लग्न न केलेल्या, हॉस्टेलच्याच तळमजल्यावर राहणाऱ्या. मुली पोर्चमध्ये बसायला लागल्या तेव्हा त्यांनी ना पाठिंबा दिला ना मनाई केली. मला वाटायचं, त्या संचालकांच्या बाजूच्या आहेत. रुग्णालयापासून उन्हात चालत आल्यामुळे त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"फोन क्यों नहीं लग रहा?" त्यांनी विचारलं. "ओटी में केस है. मैं कब से लड़की को बुला रही हूँ."

इंजिनिअरच्या तोंडाला फेस यायचा बाकी होता. मी म्हटलं, "अब लगेगा, मेट्रन." ऑपरेशनला जायची ती मुलगी जिन्यावरच उभी होती. केस बांधत, चपला हातात घेऊन ती धावत गेली.

संचालक आले. त्या जिन्याखाली ते पहिल्यांदाच आले असावेत. वाकायचं लक्षात न राहून त्यांचं डोकं जिन्याच्या पोटाला आपटता आपटता राहिलं. मेट्रननी फोनचं सांगितलं. त्यांनी ऐकलं, आणि इंजिनिअरला विचारलं, "फोन छोड़ के बाकी बंद हो सकता है?"

"हो सकता है, सर," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "रेंज में बीच के पोर्ट छोड़ सकते हैं."

हे खरं होतं. मलाही पहिल्यापासून माहीत होतं. फोनची रांग मीच तर वेगळी केली होती. आदल्या दिवशी संचालकांच्या केबिनमध्ये मी फोनचं कारण पुढे केलं, कारण ते कारण मशीनचं होतं आणि मशीनचं कारण सांगायला भीती वाटत नाही. आता ते उरलं नव्हतं. संचालक माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "झालं समाधान? फोन चालू राहतील. आता बाजूला हो."

मी झाले नाही.

"सर, फोन चालू राहिले तरी खोल्या मी बंद होऊ देणार नाही," मी म्हटलं. "या मुलींनी काही चूक केलेली नाही. दिवा मागितलाय. त्यांना शिक्षा द्यायची असेल तर तुम्ही त्यांच्यापुढे उभे राहून द्या. माझ्या स्विचच्या आडून नको."

"तुझा स्विच?" त्यांचा आवाज चढला. "तुझा?"

"सांभाळते मी, म्हणून माझा. तुम्ही बंद केलात तर मी उघडेन. पासवर्ड काढून घेतलात तर केबल लावून उघडेन. मला गेटबाहेर काढलंत तर मात्र उघडता येणार नाही. तेव्हा आधी ते करा."

मुलींना मराठी कळत नव्हतं, पण बोलण्याचा रोख कळत होता. संचालक हिंदीवर आले. "आप मुझे चॅलेंज कर रही हैं?"

"हाँ, सर."

मला पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं. तेवढ्यात मेट्रन पुढे आल्या. त्यांनी इंजिनिअरला विचारलं, "मेरा कमरा भी इसी में है?"

त्यानं स्क्रीनवर पाहिलं. प्रत्येक पोर्टाची ओळख लिहिलेलीच होती. "जी. है."

"तो पहले मेरा बंद कीजिए," मेट्रन म्हणाल्या. "अलग से. नाम लेकर. फिर बाकी लड़कियों का कीजिएगा." आणि त्या संचालकांकडे वळल्या. त्या कधी मोठ्यानं बोलत नसत, तेव्हाही बोलल्या नाहीत. "सर, उस रास्ते पर मैं भी चलती हूँ. मुझे भी डर लगता है. इतने साल से लगता है. मैंने कभी कहा नहीं."

संचालक वाकूनच जिन्याखालून बाहेर आले. मग इंजिनिअरला म्हणाले, "चलिए." आणि दोघे निघून गेले. इंजिनिअरनं जाता जाता लॅपटॉप परत उघडला, दोन ओळी लिहिल्या आणि मिटला. नंतर पाहिलं तर माझा पासवर्ड त्यानं पूर्ववत केला होता.

हॉस्टेल बंद झालं नाही. मुली आणखी काही दिवस पोर्चमध्ये बसल्या. आता मेट्रनही आपली खुर्ची घेऊन येऊन बसत, मुद्दाम सर्वांत पुढे. पावसाळ्याआधी लाँड्रीच्या भिंतीवर दिवे लागले आणि फाटकाजवळ एक चौकीदार आला. कोणी जाहीर केलं नाही, कोणी श्रेय घेतलं नाही. एका सकाळी खांब उभे होते, एवढंच.

मला मात्र जिन्याखालच्या त्या प्रकारानंतर त्याच आठवड्यात नेटवर्कवरून काढून तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. जुन्या पेशंटांच्या फायली स्कॅन करायच्या. माझं टेबल बंद पडलेल्या दोन व्हीलचेअरच्या मध्ये. सगळ्यांना वाटलं मी राजीनामा देईन. तो यावा म्हणूनच ती जागा होती. मी दिला नाही. रोज वेळेवर गेले, वेळेवर निघाले, चांगले कपडे घालून गेले. तळघरात कोण बघणार, तरी काजळ लावून गेले. एकदा लिफ्टमध्ये संचालक भेटले. त्यांनी विचारलं, "कसं चाललंय खाली?" मी म्हटलं, "थंड आहे, सर. उन्हाळ्यात फार छान." ते पुढच्याच मजल्यावर उतरले. त्यांना तिथे उतरायचं नव्हतं, असं मला वाटतं.

मुली जेवणाच्या सुट्टीत खाली यायच्या. कोणी घरून आलेला ठेकुआ, म्हणजे गुळाचा तळलेला खाऊ, आणायची, कोणी केळ्याचे काप. प्लास्टर निघालेली मुलगी मनगट फिरवून दाखवायची. मेट्रन कधी आल्या नाहीत. त्यांचा तसा स्वभाव नाही. पण रेकॉर्ड रूममधला बंद पंखा दुरुस्त करायला माणूस कोणी पाठवला, ते मला शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

थंडी सुरू झाली तेव्हा मोरारच्या बाजूच्या एका कॉलेजात नेटवर्किंग शिकवायची जागा निघाली. मुलाखतीत विचारलं, आधीचं काम का सोडताय? बाबांनी घरून पढवून पाठवलं होतं, "तब्येतीचं कारण सांग." मी जे झालं ते सगळं सांगितलं. एक गृहस्थ खोकले. एका बाईंनी विचारलं, "यहाँ भी ऐसा करेंगी?"

"यहाँ भी ऐसा ऑर्डर निकला तो, हाँ."

आठवडाभर काही कळवलं नाही. मग बोलावलं. रुग्णालयाचा राजीनामा मी तेव्हा दिला, मला पाहिजे त्या तारखेला. बाबांनी त्या दिवशी स्वतः जाऊन बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि जिलेबी आणली आणि म्हणाले, "मी म्हटलंच होतं, होऊन जाईल." त्यांनी असं काही म्हटलं नव्हतं. आईनं माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे, आणि आम्ही गपचूप खाल्लं.

आता माझ्या लॅबमध्ये मुली जास्त आहेत. पहिल्या दिवशी मी त्यांना माऊस काढून टाकायला सांगते आणि काळा पडदा उघडायला लावते. रेंज शिकवताना मुद्दाम एकीचा पोर्ट दुसरीला बंद करायला लावते, आणि जिचा बंद झाला तिला तो उघडायला. वर्गात मोठा गोंधळ होतो. शेजारच्या लॅबमधले सर दार वाजवून तक्रार करतात. मी दार लावून घेते.

परवा एका मुलीचे वडील आले होते. साधे गृहस्थ, हातात हेल्मेट. म्हणाले, "मॅडम, सुना है इसमें सीढ़ी पर भी चढ़ना पड़ता है. लड़की जात है." मी त्यांना लॅबमध्ये नेलं. त्यांची मुलगी छताजवळ, शिडीच्या वरच्या पायरीवर उभी होती, दातात केबल टाय, हातात पक्कड. वडिलांनी खालून हाक मारली, "बेटा, उतर आ."

"अभी नहीं, पापा," ती वरूनच म्हणाली. "सीढ़ी पकड़िए."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी शिडी धरली.